रिपोर्टातला ठळक आकडा



गेल्या लेखात दशलक्षणातल्या शोधाच्या स्वयंपाकाबद्दल लिहिलं, त्यावर बऱ्याच जणींचे फोन आले. त्यातल्या दोघी-तिघींनी सहज विचारलं, "तुमची तब्येत कशी आहे आता?" त्यांना मी "बरी आहे" एवढंच सांगितलं. खरं तर मधल्या काळात बरंच काही झालं, आणि त्यातली एक गोष्ट सांगायची मला लाजच वाटत होती. ती आज लिहिते.

मला मधुमेह होऊन आता दहा वर्षं झाली. मेटफॉर्मिन चालू आहे. आधी ५०० ची एक गोळी होती, ती वाढत वाढत दिवसाला २००० मिलिग्रॅमवर गेली. शिवाय पित्ताचा त्रास, म्हणून पँटोप्राझोल सकाळी उठल्यावर. ती मूळ पंधरा दिवसांसाठी दिली होती. पाच वर्षं झाली, मी घेतेच आहे. आपण बायका डाळीच्या डब्यांवर तारखा लिहू, पण गोळी कधी सुरू केली आणि कधी थांबवायची होती ते कुठेच लिहीत नाही.

गेल्या चातुर्मासात आमच्या बोरिवलीच्या तीनमूर्तीला गेलो होतो. दुपारची वेळ होती आणि ऊन पडलं होतं. बाकीच्या बायका फरशीवरून पळत सावलीला जात होत्या आणि मी आपली शांतपणे चालत होते. त्यांना वाटलं, काय हिची सहनशक्ती! घरी येऊन पाहिलं तर डाव्या तळव्याला फोड आला होता. मला चटका कळलाच नव्हता. तेव्हा ज्या डॉक्टरांना दाखवलं ते म्हणाले, "शुगर आहे ना, मग असं होणारच." त्यांनी नसांची एक गोळी लिहून दिली आणि विषय तिथेच संपला.

पण मला जास्त भीती वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. भक्तामर मला आठव्या वर्षापासून पाठ आहे. कोल्हापूरला आजी पहाटे म्हणायची, तिच्या मांडीवर बसून ऐकूनच पाठ झालं. आपल्यात ४८ श्लोक म्हणतात, श्वेतांबर मैत्रिणी ४४ म्हणतात. इतक्या वर्षांत मला पुस्तक लागलं नव्हतं. दशलक्षणात तिसऱ्या दिवशी मंदिरात म्हणताना मी मधेच थांबले. पुढचा श्लोक आठवेना. शेजारच्या बाईंनी धरून घेतलं, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. पुन्हा पाचव्या दिवशी तसंच झालं. माझ्या सासूबाई शेवटची चार वर्षं मला ओळखत नव्हत्या. त्यामुळे त्या रात्री मला झोप लागली नाही. ह्यांनाही मी काही बोलले नाही.

पर्व संपल्यावर वर्षाची रक्ततपासणी केली. लॅबचा मुलगा सकाळी सातला घरी आला आणि संध्याकाळी रिपोर्ट फोनवर आला. त्यात चार आकडे ठळक अक्षरात होते. हिमोग्लोबिन १०.८. एमसीव्ही १०४, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, तो शंभरच्या वर. एचबीए१सी ७.६, आधीच्या वर्षी ६.९ होता. आणि बी-१२ जीवनसत्त्व १४२, तिथे शेजारी छापलं होतं २११ ते ९११.

मी बी.कॉम. झालेली बाई. आकडा दिसला की मला त्याचं कारण शोधल्याशिवाय चैन पडत नाही. फोनवर शोधलं, तर पहिल्या पाच मिनिटांतच सापडलं की मेटफॉर्मिनने बी-१२ कमी होतं. झालं! मला वाटलं, चोर सापडला. नणंदेचाही नेमका त्याच आठवड्यात मेसेज फिरत आला होता, की ह्या गोळ्या किडनी खातात म्हणून. दुसऱ्या दिवसापासून मी मेटफॉर्मिन बंद केली. कोणाला सांगितलं नाही. डबीतून गोळी काढायची आणि कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकायची, म्हणजे सूनबाईंनी पाकीट मोजलं तरी बरोबर यावं. बघा, कॉमर्सचं शिक्षण कुठे वापरलं ते.

असे बारा दिवस गेले. आठव्या-नवव्या दिवसापासून तहान तहान होऊ लागली, रात्री चार-चार वेळा उठावं लागे. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मी रात्रीच्या चारही आहारांचा त्याग घेतला आहे, सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा नाही. बाळंतपणात डॉक्टरांच्या सांगण्यावरून सूट घेतली होती, ती सोडली तर कधी मोडला नव्हता. बाराव्या रात्री दोन वाजता घशाला कोरड पडून जीभ टाळूला चिकटली. मी स्वयंपाकघरात गेले, गाळलेल्या पाण्याच्या हंड्यासमोर उभी राहिले. किती वेळ उभी होते आठवत नाही. मग मी पाणी प्यायले. एक नाही, तीन पेले. मागे वळून पाहिलं तर सूनबाई दिव्याच्या बटणाशी उभ्या होत्या.

त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी शुगर मोजायचं यंत्र आणलं आणि माझं बोट धरलं. २६८ आली. तेव्हा मी रडले, आणि सगळं सांगितलं, कचऱ्यातल्या गोळ्यांसकट.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात. ह्या डॉक्टरीणबाई वेगळ्या, सूनबाईंच्या ओळखीच्या. मला वाटलं होतं रागावतील. त्यांनी आधी मला पायमोजे काढायला सांगितलं, डोळे मिटायला सांगितलं आणि कापसाने पायाच्या बोटांना स्पर्श करून विचारत गेल्या, कळलं का, आता कळलं का. मग एक कंप पावणारा चिमटा घोट्याच्या हाडावर टेकवला. डाव्या पायाला मला काहीच जाणवलं नाही. मग त्या म्हणाल्या, "काकू, कारण तुम्ही बरोबर शोधलंत. उपाय मात्र चुकीचा केलात."

त्यांनी समजावून सांगितलं ते माझ्या भाषेत मांडते. बी-१२ हे अन्नातून येतं, पण ते लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात शोषलं जातं. मेटफॉर्मिन तिथे अडथळा आणते. जठरातलं आम्ल अन्नातून बी-१२ सोडवून देतं, आणि पित्ताची गोळी ते आम्लच कमी करते. म्हणजे माझ्याकडे जमेच्या बाजूलाच दोन ठिकाणी गळती. शिवाय मुळात जमा किती? आपण मांस-मासे-अंडी खात नाही, बी-१२ मिळतं ते दूध, दही, ताक, पनीर यांतून. आणि मी पित्तामुळे दूध सोडून दोन कप चहावर आले होते. मोठ्या माणसाला दिवसाला लागतं ते दोन-अडीच मायक्रोग्रॅम, म्हणजे डोळ्याला दिसणारही नाही इतकं. पण यकृतात त्याची जुनी शिल्लक असते, ती काही वर्षं पुरते. म्हणून गोळी सुरू केली त्या वर्षी काही दिसत नाही, पुढच्या वर्षीही नाही. ओपनिंग बॅलन्सवर घर चालू असतं आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे.

ही गोष्ट काही नवीन नाही. २०२२ साली ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने मेटफॉर्मिनमुळे बी-१२ कमी होणं हा नेहमी आढळणारा परिणाम आहे असं जाहीर करून, त्रास दिसला तर तपासा आणि ज्यांना धोका जास्त त्यांची अधूनमधून तपासणी करा असं डॉक्टरांना कळवलं. त्याच सूचनेत रुग्णांना स्पष्ट सांगितलं होतं, की डॉक्टरांशी बोलल्याशिवाय गोळी थांबवू नका. मी पाच मिनिटांत जे वाचलं त्यात तेही कुठेतरी असणार, पण मी माझ्या सोयीच्या ओळीपाशीच थांबले.

आणि आपल्यासाठी तर हे घरचंच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी पुणे आणि आसपासच्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं होतं, काही खेड्यातले, काही झोपडपट्टीतले, काही शहरी मध्यमवर्गीय. २००६ साली ते छापून आलं. त्यात शंभरातल्या ६७ जणांचं बी-१२ कमी होतं. शहरी मध्यमवर्गात तर ८१ जणांचं. शाकाहारी माणसांना कमतरतेचा धोका चौपटीहून जास्त निघाला. आणि हे सगळे मधुमेहाचे रुग्ण म्हणून निवडलेले नव्हते, साधी चालती-फिरती माणसं होती. आपल्या घरांत शाकाहाराबरोबर मधुमेहही आहे आणि मेटफॉर्मिनही, तेव्हा तुमचा तुम्ही हिशोब करा. शाकाहार सोडा असं कोणी म्हणत नाही, मी तर नाहीच नाही. पण शाकाहार पाळायचा तर त्याची ही एक बाजू उघड्या डोळ्यांनी सांभाळावी लागते.

आता एचबीए१सीची गंमत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ७.६ म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर साधारण १७१. मी म्हटलं, "पण गोळी बंद करायच्या आधी तर माझ्या वहीत इतकी नव्हती." मी दर आठवड्याला दोनदा शुगर मोजून वहीत लिहिते, कधी उपाशीपोटी, कधी जेवणानंतर. त्यांनी वही मागितली. बेरीज करून पाहिली, सरासरी दीडशेच्या आसपास आली. पासबुक एक सांगतंय आणि कॅशबुक दुसरंच. मैत्रिणींनो, बी.कॉम.ला आम्हाला बँक रिकन्सिलिएशन स्टेटमेंट होतं. दोन्ही शिल्लक जुळत नाहीत म्हणजे कोणी चोरी केली असं नसतं, मधे कुठलातरी चेक अडकलेला असतो. इथेही तसंच. एचबीए१सी मोजतात ते तांबड्या पेशीला चिकटलेल्या साखरेवरून. बी-१२ किंवा लोह कमी असलं की नव्या पेशी नीट तयार होत नाहीत, रक्तात जुन्या पेशींचं प्रमाण वाढतं आणि त्यांना जास्त दिवस साखर चिकटलेली असते. त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा थोडा चढा दिसू शकतो. वहीतल्या आठवड्याच्या दोन नोंदी म्हणजे काही पूर्ण हिशोब नव्हे हेही त्यांनी सांगितलं. पण नुसत्या ७.६ कडे बघून त्यांनी माझं औषध वाढवलं नाही. आधी रक्त सुधारू दे, मग बघू म्हणाल्या. तीच मेटफॉर्मिन पुन्हा सुरू झाली. पित्ताची गोळी मात्र हळूहळू कमी करून बंद केली.

मी त्यांना विचारलं, "रक्तच कमी आहे तर फॉलिक ॲसिडच्या गोळ्या आहेत घरात, सुनेच्या बाळंतपणातल्या उरलेल्या. त्या घेऊ का?" त्यांनी हातच जोडले. फॉलिक ॲसिड एकट्याने घेतलं तर हिमोग्लोबिन सुधारलेलं दिसतं, पेशींचा आकारही कमी होतो, रिपोर्ट छान येतो, आणि आतमध्ये नसांचं नुकसान मात्र चालूच राहतं. रिपोर्ट चांगला येऊन घात होतो तो असा.

ह्यावरून मी थोडं वाचलं, तर फॉलिक ॲसिडची गोष्ट आपल्या मुंबईतलीच निघाली. १९२८ च्या सुमाराला ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई परळच्या हाफकिन संस्थेत आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायका रक्तक्षयाने मरत होत्या, त्याचं कारण त्यांना शोधायचं होतं. त्या बायकांच्या पेशी अशाच मोठ्या मोठ्या व्हायच्या. यीस्टच्या अर्काने, म्हणजे ब्रेडला लावतात त्या मार्माइटने, त्या बऱ्या होऊ लागल्या. १९३१ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. पुढे त्यातलं जे द्रव्य ओळखलं गेलं ते फॉलिक ॲसिड. बी-१२ वेगळं सापडायला १९४८ उजाडावं लागलं. परळच्या त्या रस्त्याने मी शेकडो वेळा बसने गेले असेन. माकडांवरही ते प्रयोग झाले हे वाचून मन खट्टू झालं, तेही खरं.

आता आपला नेहमीचा प्रश्न, हे औषध आपल्याला चालतं का? मी केमिस्टकडे बसून एकेक पाकीट वाचलं. बी-१२ कारखान्यात जिवाणूंच्या आंबवण्यातून तयार करतात, प्राण्याच्या मांसातून काढत नाहीत. पण कॅप्सूल असेल तर तिचं आवरण बहुतेक वेळा जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचं असतं. वनस्पतीच्या सेल्युलोजची कॅप्सूलही मिळते, ती मागून घ्यावी लागते. नाहीतर सरळ गोळी किंवा इंजेक्शन. ड जीवनसत्त्वाचं डी-३ बहुधा मेंढीच्या लोकरीच्या मेणापासून करतात, त्याबद्दल ज्याने त्याने ठरवावं.

मोडलेल्या व्रताबद्दल मी माताजींकडे गेले. सगळं सांगितलं, कचऱ्यातल्या गोळ्याही. मला वाटलं होतं आधी पाण्याबद्दल बोलतील. त्यांनी आधी विचारलं, "औषध परत सुरू केलं का?" मग प्रायश्चित्त दिलं. पाण्याबद्दल दिलं, आणि घरातल्यांशी खोटं वागल्याबद्दल वेगळं. ते दुसरं मला जास्त कठीण गेलं, कारण त्यात ह्यांना आणि सूनबाईंना बसवून क्षमा मागायची होती. उत्तम क्षमा आपण दरवर्षी सगळ्या गावाला फोन करून मागतो, पण समोरच्या खुर्चीवर बसलेल्या सुनेची मागताना घसा दाटतो.

इंजेक्शनं सुरू झाली. आधी दिवसाआड, मग आठवड्याला एक, मग महिन्याला एक. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. आणि पुन्हा ठळक आकडा! बी-१२ दोन हजारांच्या वर, "जास्त" असा शिक्का. मी पुन्हा घाबरले. पण ह्या वेळी काही बंद केलं नाही, फोन केला. डॉक्टरीणबाई हसल्या. इंजेक्शन चालू असताना बी-१२ मोजलं तर ते जास्तच येणार, पगाराच्या दुसऱ्या दिवशी पासबुक बघितल्यासारखं. त्यांना बघायचं होतं ते बाकीचं. हिमोग्लोबिन १२.३ झालं होतं, एमसीव्ही ९२. औषध नसताना, काही घेत नसताना बी-१२ असं वाढलेलं आलं असतं तर मात्र कारण शोधावं लागलं असतं. म्हणजे एकच आकडा, पण माणूस काय घेतंय त्यावर त्याचा अर्थ बदलतो.

हे कळल्यापासून मी चार ठिकाणी नाक खुपसते. आमच्या मजल्यावरच्या एकीच्या मुलीचा थायरॉईडचा रिपोर्ट अचानक विचित्र आला, टीएसएच एकदम कमी. ती केस गळतात म्हणून बायोटिनच्या जास्त ताकदीच्या गोळ्या घेत होती. बायोटिनमुळे काही तपासण्या चुकतात असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ सालीच दिला आहे. डॉक्टरांच्या सांगण्यावरून गोळी काही दिवस बंद ठेवून पुन्हा रक्त दिलं, सगळं जागेवर. समोरच्या गुजराती मावशींनी अठाईच्या पारण्याच्या दुसऱ्याच दिवशी पॅकेज तपासणी केली, तर बिलिरुबिन आणि युरिक ॲसिड दोन्ही वाढलेले. लांब उपवासात हे दोन्ही चढतात. तीन आठवड्यांनी उतरले. आम्ही रात्री पाणी घेत नाही त्यांनी लॅबवाल्याला सूर्योदयानंतर बोलवावं, आधी पाणी प्यावं. साधं पाणी बहुतेक तपासण्यांना चालतं, तरी विचारून घ्यावं. कोरड्या अंगाने रक्त दिलं तर युरिया-क्रिएटिनिन उगीच थोडं वर दिसू शकतं.

आणि ते "नॉर्मल" कसं ठरवतात तेही मला आधी माहीत नव्हतं. बहुतेक तपासण्यांत निरोगी माणसांतल्या शंभरपैकी मधल्या ९५ जणांचे आकडे जिथे येतात ती मर्यादा. म्हणजे पाच निरोगी माणसंही बाहेरच पडतात. वीस वेगवेगळ्या तपासण्यांचं पॅकेज केलं तर अगदी ठणठणीत बाईचा एखादा तरी आकडा ठळक येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. मी कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं, ६४ टक्के. पण म्हणून माझा १४२ काही असा योगायोगाचा नव्हता. थोडा बाहेर आणि पुष्कळ बाहेर यांत फरक असतो, आणि पायाला चटका न कळणं हे तर कुठल्याच रिपोर्टात छापून येत नाही.

मी एक जुनी फाईल काढली आहे. पहिल्या पानावर सगळी औषधं, कधीपासून, किती, कशासाठी, पुढे कधी विचारायचं. चूर्णं आणि केसांच्या गोळ्यासुद्धा. रक्त द्यायच्या आदल्या आठवड्यातले उपवासही लिहिते. डॉक्टरांनी पहिल्यांदा ते पान पाहिलं तेव्हा म्हणाल्या, "हा तर ताळेबंदच झाला." मी म्हटलं, सवय.

भक्तामर आता पुन्हा पूर्ण होतं. एक-दोन ठिकाणी अजून अडखळते, तिथे नातू सुरुवातीचा शब्द सांगतो. सासूबाईंसारखं काही नाही असं डॉक्टर म्हणतात, मी अजून पुरता विश्वास ठेवलेला नाही. उजवा पाय सुधारला. डाव्या पायाची शेवटची दोन बोटं तशीच बधिर आहेत, आणि उशीर झाल्यामुळे ती तशीच राहण्याची शक्यता आहे. तीनमूर्तीला आता मी सकाळी लवकर जाते, फरशी तापायच्या आत.

सांगलीला माझ्या मोठ्या जाऊबाई आहेत. पंधरा वर्षं मेटफॉर्मिन घेतात, तळपायाला मुंग्या येतात म्हणून रात्री तेल चोळतात. गेल्या महिन्यात फोनवर मी त्यांना इतकं पिडलं की शेवटी काल त्यांनी बी-१२ साठी रक्त दिलं. रिपोर्ट उद्या येणार आहे. त्यांना सांगून ठेवलंय, आकडा काहीही येवो, आधी मला फोन करा आणि गोळी चालू ठेवा.